द्राक्षगर्भ : पिशवी साफ झाली, मग दर आठवड्याला रक्त कशासाठी?

लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आहे, ओकाऱ्या नेहमीपेक्षा जास्त आहेत, दोन महिन्यांच्या मानाने पोट मोठं लागतंय आणि मधूनच अंगावर डाग दिसतो. सोनोग्राफीला गेल्यावर बाळाचा ठोका सापडत नाही. पडद्यावर पिशवीभर बारीक काळेपांढरे ठिपके दिसतात, बर्फ भुरभुरत असल्यासारखे. डॉक्टर सांगतात, ‘मोलर प्रेग्नन्सी आहे, पिशवी साफ करावी लागेल.’ मराठी पुस्तकांत याला द्राक्षगर्भ म्हणतात. वारेचे (प्लॅसेंटाचे) धागे पाण्याने फुगून द्राक्षाच्या घडासारखे दिसतात, म्हणून हे नाव. हल्ली सोनोग्राफी लवकर होते. आठव्या-नवव्या आठवड्यात फुगे अजून लहान असतात आणि पुष्कळदा नुसता ‘गर्भ वाढत नाही’ एवढाच शेरा मिळतो. खरं निदान नंतर तपासणीला पाठवलेल्या तुकड्यावरून होतं.

पिशवी साफ होते, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, आणि कार्डावर लिहिलेलं असतं : दर आठवड्याला बीटा एचसीजी, म्हणजे वारेच्या संप्रेरकाची रक्ततपासणी. इथेच घरात कुरकुर सुरू होते. गर्भ गेला, रक्तस्राव थांबला, बाई हिंडूफिरू लागली. मग दर आठवड्याला सातशे-हजार रुपये आणि एसटीचा हेलपाटा कशासाठी? हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. या आजारात औषधं बहुतेकदा काम करतात. फसते ती ही रक्ततपासणी, म्हणजे ती राहून जाते.

हे होतं तरी कसं

आई आणि बाप दोघांकडून आलेली जनुकं सगळी सारखं काम करत नाहीत. गर्भारपणात बापाकडून आलेल्या काही जनुकांचा जोर वार वाढवण्यावर असतो, तर आईकडच्या काही जनुकांचा जोर त्या वाढीला लगाम घालण्यावर. हा तोल बिघडला की द्राक्षगर्भ तयार होतो.

पूर्ण द्राक्षगर्भात अंडपेशीतून आईचं केंद्रक गायबच झालेलं असतं. तिथे एक शुक्राणू शिरतो आणि स्वतःची दुप्पट करतो. कधीकधी दोन शुक्राणू शिरतात. गुणसूत्रं मोजली तर 46, अगदी नेहमीइतकी, पण सगळी बापाची. लगाम घालणारं कुणी नसल्यामुळे वार बेफाम वाढते आणि बाळ तयारच होत नाही. 1977 मध्ये जपानी संशोधकांनी हे गुणसूत्रांवरून दाखवून दिलं, तोवर हा प्रकार कोडंच होता. अर्धवट द्राक्षगर्भात अंडं ठीक असतं, पण दोन शुक्राणू आत शिरतात. गुणसूत्रं होतात 69. बाळाचा काही भाग बनतो, तो टिकत नाही.

यात बाईने काय खाल्लं, काय उचललं, कुणाची नजर लागली याचा संबंध नाही. ही गर्भधारणेच्या क्षणाची चूक आहे. वय मात्र मोजावं लागतं. अगदी कोवळ्या वयात आणि पंचेचाळिशीनंतर धोका वाढतो. आशियात साधारण हजार गर्भारपणांत एक-दोन असं प्रमाण धरतात. एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक-दोन, म्हणजे बहुतेकींना पुढचं गर्भारपण सरळ जातं. काही थोड्या घरांत मात्र तो पुनःपुन्हा होतो. त्यांच्यात एनएलआरपी7 नावाच्या जनुकातला दोष सापडतो. अशा बाईच्या द्राक्षगर्भात जनुकं दोघांचीही असतात, बिघाड अंडपेशीतच असतो; म्हणून तिथे दुसऱ्या स्त्रीच्या दान केलेल्या अंड्याचा मार्ग सुचवतात.

पिशवी साफ करताना

द्राक्षगर्भ नळीने ओढून काढतात, शक्यतो सोनोग्राफी चालू ठेवून. गोळ्या देऊन गर्भ पाडण्याची पद्धत इथे टाळतात. पिशवी जोरात आवळली तर वारेचे कण रक्तवाहिन्यांत ढकलले जाऊ शकतात, आणि तिथून सरळ फुप्फुसात. त्याच कारणाने पिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिनही शक्यतो नळीने बराचसा भाग बाहेर आल्यावरच सुरू करतात. रक्त फार जाऊ लागलं तर अर्थात वाट पाहत नाहीत. रक्ताच्या दोन पिशव्या आधी तयार ठेवाव्या लागतात, कारण स्राव अनपेक्षितपणे मोठा होतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं. थायरॉइड तपासायचं, कारण एचसीजी आणि थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक एकमेकांचे भाऊ शोभतील इतके सारखे आहेत. एचसीजी लाखांत गेलं की थायरॉइड भडकतं, नाडी धडधडते, आणि भूल देताना त्याचा त्रास होतो. विसाव्या आठवड्याच्या आत रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जायला लागली, तरी द्राक्षगर्भाची शंका घ्यावी.

आणि तुकडा. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवणं ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट, आणि सगळ्यात जास्त राहून जाणारीही तीच. ‘गर्भपात झाला, साफ केलं’ म्हणून बाटली टाकून दिली तर द्राक्षगर्भ होता हे कुणाला कळतच नाही, मग पुढची रक्ततपासणी सांगणार कोण? पूर्ण की अर्धवट असा संशय असेल तर पी57 नावाचा रंग लावून पाहतात. हे प्रथिन फक्त आईकडच्या जनुकापासून बनतं. पूर्ण द्राक्षगर्भात आईचं काहीच नसतं, म्हणून तिथल्या धाग्यांवर हा रंग चढत नाही. फरक महत्त्वाचा आहे : पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण 15 ते 20 टक्के स्त्रियांना पुढे उपचार लागतात, अर्धवटानंतर फारच थोड्यांना.

तो आकडा

एचसीजी हे वारेच्या पेशींनी सोडलेलं संप्रेरक. पिशवी साफ केल्यावर ते दुसरीकडून येत नाही; रक्तात जेवढं असतं ते दर 24 ते 36 तासांनी निम्मं होत जायला हवं. म्हणजे रक्तातलं एचसीजी ही मागे राहिलेल्या पेशींची गणतीच आहे. 5 मिली युनिटच्या खाली गेलं की लॅब ‘नॉर्मल’ लिहिते. पण त्या 5 युनिटांमागेही दहा हजार ते एक लाख जिवंत पेशी असू शकतात. सीटी स्कॅनमध्ये एक सेंटिमीटरची गाठ दिसायला अब्जाच्या घरात पेशी लागतात. रक्ताची ही एक नळी स्कॅनच्या कितीतरी पुढे पाहते, ती अशी.

दोघींचे साप्ताहिक रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. आकडे समजावण्यापुरते आहेत.

पहिली : 1,86,400 — 21,300 — 3,150 — 480 — 96 — 31 — 11 — 4 — 2 — 2.

दुसरी : 1,86,400 — 21,300 — 3,150 — 480 — 96 — 88 — 91 — 90.

पाचव्या आठवड्यापर्यंत दोघी सारख्याच. दुसरीला घरचे म्हणतील, ‘लाखावरून नव्वदवर आलंय, अजून काय पाहिजे?’ पण तिचे शेवटचे चार आकडे तीन आठवडे जागचे हललेले नाहीत. निम्मं होणं थांबलं याचा अर्थ कुठेतरी कारखाना चालू आहे. तीन आठवड्यांत चार आकडे दहा टक्क्यांच्या आत अडकले, किंवा दोन आठवड्यांत तीन आकडे दहा टक्क्यांहून जास्त चढत गेले, की आंतरराष्ट्रीय निकषांनुसार निदान झालं : द्राक्षगर्भ मागे राहून गाठीसारखा वागतोय. यासाठी तुकडा काढून पाहावा लागत नाही. उलट या गाठी रक्ताने इतक्या भरलेल्या असतात की योनीमार्गात निळसर गाठ दिसली तर तिला सुई लावणं धोक्याचं. रक्त थांबवताना धावपळ होते.

पहिलीचं काय? तीन आठवडे लागोपाठ नॉर्मल आले की दर महिन्याला. पूर्ण द्राक्षगर्भ असेल तर सहा महिने, अर्धवट असेल तर एका महिन्याने आणखी एक नॉर्मल आला की बस. एवढ्या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत. कारण साधं आहे, नव्या गर्भाचंही एचसीजी वाढतं, आणि मग वाढलेला आकडा बाळाचा की गाठीचा हे सांगता येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालतात. तांबी मात्र आकडा नॉर्मल होईपर्यंत बसवायची नाही, कारण मऊ झालेल्या पिशवीला भोक पडू शकतं.

आकडा खोटं बोलतो तेव्हा

एक लॅब धरली की तीच धरून ठेवावी. वेगवेगळ्या लॅबच्या यंत्रांचे अँटीबॉडी, म्हणजे एचसीजीला पकडणारी प्रथिनं, वेगळे असतात. एका ठिकाणचं 90 आणि दुसऱ्या ठिकाणचं 120 ही वाढ असेलच असं नाही.

खोटेपणाचे दोन नमुने लक्षात ठेवण्यासारखे. पहिला : एचसीजी लाखांच्याही पुढे, दहा लाखांच्या घरात गेलं की यंत्रातले अँटीबॉडी गुदमरतात आणि आकडा भलताच कमी येतो. पोट मोठं, सोनोग्राफी बर्फासारखी आणि रिपोर्ट मात्र अगदीच किरकोळ, तर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा करायला सांगावं. दुसरा उलटा : काहींच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात की ती यंत्राच्या अँटीबॉडींना चिकटून नसलेलं एचसीजी दाखवतात. आकडा महिनोन्‌महिने शंभराच्या आसपास घुटमळतो, गाठ कुठेच सापडत नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात अशा भुताटकी आकड्यामागे लागून काही स्त्रियांना केमो दिली गेली, काहींची पिशवीही काढली गेली, आणि गाठ कधी नव्हतीच. याची पारख सोपी आहे. ही प्रतिद्रव्यं मोठी असल्यामुळे मूत्रपिंडातून गळत नाहीत, तेव्हा त्याच दिवशीची लघवीची चाचणी निगेटिव्ह येते. रक्त दहापट पातळ केल्यावर आकडा दहापट उतरला नाही, तरीही शंका घ्यावी. पाळी जाण्याच्या वयात मेंदूतली पीयूष ग्रंथीही थोडं एचसीजी सोडते, हेही डॉक्टरांनी डोक्यात ठेवायचं.

उपचार ठरवणारी बेरीज

निदान झाल्यावर प्रश्न उरतो किती कडक औषध द्यायचं हा. त्यासाठी आठ गोष्टींना गुण देतात : वय, आधीचं गर्भारपण कोणत्या प्रकारचं, त्याला किती महिने झाले, एचसीजी किती, सगळ्यात मोठी गाठ केवढी, कुठे पसरली, किती ठिकाणी, आणि आधी केमो फसली का. बेरीज 6 पर्यंत आली तर कमी जोखीम, 7 पासून पुढे जास्त. 13 आणि त्यावर गेली तर फारच जास्त.

समजा 28 वर्षांची बाई, तीन महिन्यांपूर्वी द्राक्षगर्भ काढलेला. एचसीजी 18,000. पिशवीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ, छातीच्या एक्स-रेवर दोन ठिपके. चाळिशीच्या आत म्हणून 0, आधी द्राक्षगर्भ म्हणून 0, चार महिन्यांच्या आत म्हणून 0, एचसीजीचे 2, गाठीच्या आकाराचा 1, फुप्फुसाला 0, ठिपके चारपर्यंत म्हणून 1, केमो झालेली नाही म्हणून 0. एकूण 4. कॅन्सर फुप्फुसात गेलाय हे ऐकून घरचे खचतात, पण या आजारात फुप्फुसाला शून्य गुण आहेत आणि तेही उगाच नाहीत. तिथल्या पेशी औषधाने विरघळतात. ठिपके मोजताना साधा एक्स-रेच धरायचा, सीटी नव्हे. सीटीमध्ये बारीकसारीक ठिपके दिसून बेरीज विनाकारण फुगते.

आता दुसरी. 34 वर्षांची, चौदा महिन्यांपूर्वी सुखरूप बाळंतपण. खोकल्यातून रक्त, मग एक फीट. एचसीजी अडीच लाख, फुप्फुसात नऊ-दहा गाठी, त्यातली मोठी पाच सेंटिमीटरची, मेंदूतही एक. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाचे 2, वर्ष उलटल्याचे 4, एचसीजीचे 4, आकाराचे 2, मेंदूचे 4, संख्येचे 4. बेरीज 20.

या दुसऱ्या बाईकडे जरा थांबून पाहायला हवं. हिला कधी द्राक्षगर्भ झालाच नव्हता. कोरिओकार्सिनोमा, म्हणजे वारेच्या पेशींचा उघड कर्करोग, चांगल्या बाळंतपणानंतर किंवा साध्या गर्भपातानंतरही होऊ शकतो, आणि तेव्हा तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो. आपल्याकडे तरुण बाईला खोकल्यातून रक्त आणि एक्स-रेवर डाग म्हटलं की टीबीची औषधं सुरू होतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या फुप्फुसात न उलगडणारे गोल डाग असतील, मेंदूत अचानक रक्तस्राव झाला असेल किंवा बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे अंगावरून जात असेल, तर एक एचसीजी करून पाहावं. काही तासांत उत्तर मिळतं. हे अंगावर काढण्याजोगं दुखणं नाही.

मेथोट्रेक्सेट : औषध आणि त्याचा उतारा

कमी जोखमीत एकच औषध देतात, बहुतेक ठिकाणी मेथोट्रेक्सेट. पेशीला नवा डीएनए बनवायला फोलेट लागतं; हे औषध त्या फोलेटचा रस्ता अडवतं. सर्वांत भराभर वाढणाऱ्या पेशी आधी उपाशी मरतात. फोलेटविरोधी औषधांच्या या घराण्यात आपल्या मातीतलाही हात आहे. आंध्रात भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख असताना ही रसायनं तिथे तयार झाली.

आठ दिवसांचा ठरलेला क्रम असा : 1, 3, 5, 7 या दिवशी 50 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडात किंवा कमरेत. त्यानंतर 24 ते 30 तासांनी, म्हणजे 2, 4, 6, 8 या दिवशी, फोलिनिक ॲसिडची 15 मिलिग्रॅमची गोळी. मग सहा दिवस विश्रांती. चौदा दिवसांचं एक आवर्तन. केस सहसा जात नाहीत. इथे लोक फसतात ते नावात. फोलिनिक ॲसिड हा उतारा आहे, तो वेळेवर घेतलाच पाहिजे. चुकला तर तोंड सोलून निघतं, भाकरी गिळवत नाही. आणि फोलिक ॲसिड, म्हणजे गर्भारपणात सुरू केलेल्या त्या पिवळ्या गोळ्या, उपचार चालू असताना बंद ठेवायच्या, कारण त्या औषधाचा जोर कमी करू शकतात. घरात अर्धी डबी उरलेली असते आणि ‘ताकदीच्या गोळ्या आहेत, संपव’ असं कुणीतरी प्रेमाने सांगतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळीही नको. ती मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं अडवते. छातीत किंवा पोटात पाणी साचलेलं असेल तर औषध तिथे मुरून बसतं आणि हळूहळू झिरपत राहतं, म्हणून आधी ते पाहायचं. पाणी भरपूर प्यायचं. डोळे चुरचुरणं, श्वास घेताना छातीत टोचणं हे ओळखीचे त्रास आहेत, सांगितले तर उपाय होतो. पहिल्या एक-दोन आवर्तनांत गाठ मरताना रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा या काळात दवाखान्यापासून तीन तासांच्या गावाला जाऊन राहू नये.

दर आठवड्याला एचसीजी चालूच. आकडा अडकला किंवा चढला तर औषध बदलायचं : डॅक्टिनोमायसिन, किंवा सरळ पाच औषधांचा एमा-सीओ हा गट. बेरीज 5 किंवा 6 असलेल्यांपैकी बऱ्याच जणींना एका औषधावर भागत नाही. हे आधी सांगून ठेवलं तर बदल करायची वेळ येते तेव्हा आभाळ कोसळत नाही. कमी जोखमीतल्या जवळपास सगळ्या जणी शेवटी बऱ्या होतात, मधे एक वळण घेऊन झाल्या तरी.

आकडा नॉर्मल झाला की थांबायचं? नाही. त्या पाच युनिटांमागच्या लाखभर पेशी आठवा. नॉर्मल झाल्यावर आणखी तीन आवर्तनं, म्हणजे सहा आठवडे. ही तीन कुठून आली? नेदरलँड्समध्ये दोन देत, इंग्लंडमध्ये तीन. दोन्ही देशांतल्या नोंदी 2012 मध्ये शेजारी मांडल्या, तेव्हा दोन आवर्तनांनंतर 8.3 टक्के स्त्रियांना आजार उलटला होता, तीननंतर 4 टक्क्यांना. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, पुढचं इंजेक्शन कशाला’ म्हणणाऱ्याला हे दोन आकडे दाखवावेत.

हीच गोष्ट सर्वांत आधी ज्याने ताणून धरली त्याची नोकरी गेली होती. 1956 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी पसरलेल्या कोरिओकार्सिनोमावर मेथोट्रेक्सेट दिलं आणि गाठी विरल्या. घट्ट गाठीचा पसरलेला कर्करोग नुसत्या औषधाने बरा होतो हे तिथे पहिल्यांदा दिसलं. गाठी एक्स-रेवरून गेल्यावरही एचसीजी संपेपर्यंत औषध द्यायचं, असा लींचा हट्ट होता. वरिष्ठांना तो विनाकारण विषप्रयोग वाटला आणि त्यांना संस्था सोडावी लागली. पुढे दिसलं ते हे की, ज्यांचं औषध लवकर थांबवलं त्यांचा आजार परतला. 1972 मध्ये लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत ली आणि हर्ट्झ दोघेही होते.

संशोधन अजून काय सांगतं

आकड्यामागे धावण्याबद्दल संशोधकांना अढी असते आणि ती रास्त आहे. हृदयविकारात याची जबर किंमत मोजली गेली. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडतात ते धोक्याचे, म्हणून ते दाबणारी औषधं दिली जात. ठोके खरंच कमी होत. कास्ट नावाच्या मोठ्या चाचणीत 1989 मध्ये उघड झालं की ती औषधं घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले होते. कागद सुधारला, माणूस गेला. एचसीजीचं तसं होत नाही, कारण ते आजाराची सावली नाही, आजाराच्या पेशींचाच माल आहे.

तरीही एक प्रश्न वर्षानुवर्षं सुटलेला नाही : मेथोट्रेक्सेट बरं की डॅक्टिनोमायसिन? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत डॅक्टिनोमायसिनने 70 टक्के आणि मेथोट्रेक्सेटने 53 टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या. वाचून वाटतं, फैसला झाला. पण त्यातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, हलक्या मात्रेत होतं. आठ दिवसांच्या क्रमाशी ही कुस्ती झालीच नव्हती. ती लावायला दुसरी चाचणी सुरू केली, पण रुग्णच पुरेसे मिळेनात. 57 स्त्रियांवर ती बंद करावी लागली. हाती आलं ते असं की दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. दुर्मीळ आजाराचं दुखणं हेच. म्हणून निवड करताना सोय पाहतात. डॅक्टिनोमायसिन दोन आठवड्यांतून एकदा शिरेतून देतात, हेलपाटे कमी. पण शिरेबाहेर गळलं तर कातडी जळते आणि केसही जातात.

केमोऐवजी पुन्हा एकदा पिशवी साफ केली तर? अमेरिकेतच 60 स्त्रियांवर हे पाहिलं. दहांतल्या चौघींना केमो लागलीच नाही. आकडा कमी असेल आणि आजार पिशवीपुरताच असेल, तर विचारावा असा हा पर्याय आहे. द्राक्षगर्भ निघाल्याबरोबर सगळ्यांनाच केमोचा एक डोस देऊन टाकण्याची कल्पना मात्र मागे पडली : शंभरातल्या ऐंशीहून जास्त बायकांना तिची गरजच नसते.

जास्त जोखमीत एमा-सीओ दर आठवड्याला आलटून पालटून देतात, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त वाचतात. ज्यांची बेरीज 13 किंवा त्याहून जास्त आहे त्यांच्यात सुरुवातीलाच पूर्ण मात्रा दिली तर गाठी एकदम फुटून रक्तस्रावाने मृत्यू येई. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलने आधी एक ते तीन आठवडे एटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन हलक्या मात्रेत देऊन बघितलं आणि असे सुरुवातीचे मृत्यू सातेक टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आले. फार दिवसांच्या उपाशी माणसाला पहिली वाटी पेजेची देतात, तसंच हे.

सगळं फसल्यावर आता इम्युनोथेरपी आहे. वार ही निम्मी परक्याची, तरी आईची प्रतिकारशक्ती तिला सोडते. कारण वारेच्या पेशी अंगावर पीडी-एल1 नावाची ‘मला हात लावू नका’ अशी पाटी लावतात. गाठीच्या पेशीही तीच पाटी मिरवतात. प्रतिकारशक्तीच्या पेशींना ती पाटी वाचू न देणारं पेम्ब्रोलिझुमॅब चार स्त्रियांवर वापरल्याचं 2017 मध्ये प्रसिद्ध झालं, तिघींचा आजार आटोक्यात आला होता. फ्रान्समध्ये एकेरी केमो फसलेल्या 15 जणींना ॲव्हेलुमॅब दिलं, तर आठ जणींचं एचसीजी नॉर्मल झालं आणि एकीला पुढे निरोगी मूलही झालं. आकडे लहान आहेत आणि डोसाची किंमत लाखाच्या घरात. शंभर रुपयांच्या मेथोट्रेक्सेटने जी बरी होते तिने यामागे लागू नये.

पुढचं गर्भारपण

केमो लागली नसेल तर तपासण्यांचा काळ संपल्यावर, आणि केमो झाली असेल तर ती संपल्यापासून वर्षभरानंतर दिवस राहायला हरकत नसते. मेथोट्रेक्सेटने मूल होण्यावर फारसा परिणाम होत नाही. एमा-सीओ घेतलेल्यांची पाळी साधारण तीन वर्षं लवकर जाते, तेव्हा पस्तिशीच्या पुढच्या बाईने तो हिशेब धरावा. नवे दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करावी, आणि बाळंतपण किंवा गर्भपात काहीही झालं तरी सहा आठवड्यांनी एक एचसीजी.

इंग्लंडमध्ये 1973 पासून द्राक्षगर्भाची प्रत्येक केस ठरावीक केंद्राकडे नोंदवली जाते. बाईने गावातच रक्त द्यायचं, नळी टपालाने जाते, तपासणीची तारीख चुकली तर केंद्रातून पत्र येतं. आपल्याकडे तसं पत्र येणार नाही. म्हणून एक फाइल करा. त्यात तारीखवार एचसीजीचे सगळे रिपोर्ट, पिशवी साफ केल्याची नोंद, पॅथॉलॉजीचा कागद आणि लॅबकडून मागून घेतलेला मेणाचा ब्लॉक (तपासलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) ठेवा. टाटा मेमोरियल किंवा दुसऱ्या कोणत्याही मोठ्या कॅन्सर रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा तोच ब्लॉक आणि तेच आकडे मागतात. फाइलच्या पहिल्या पानावर पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि घरात आणखी एकाला ती माहीत असू द्या.